तांदळाच्या डब्यावरचा पोचा



आमच्या स्वयंपाकघरात तांदळाचा एक मोठा स्टीलचा डबा आहे. सासूबाईंच्या लग्नातला, त्यांच्या माहेरचं नाव कोरलेला. गेल्या श्रावणापासून त्या डब्याला मधोमध एक पोचा आलाय, करंगळीच्या नखाएवढा. घरी आलेल्या बायका विचारतात, "काय गं, डबा पडला वाटतं?" आणि मी "हो, पडला" म्हणून चहा टाकायला वळते. सत्याचं अणुव्रत घेतलेल्या बाईनं देऊ नये असं हे उत्तर. वर्षभर दिलं. आता पर्युषण जवळ आलंय, तर खरं काय ते लिहून टाकते.

तो पोचा पिस्तुलाच्या छऱ्यानं आला. आणि पिस्तूल माझ्या हातात होतं.

घाबरू नका, सगळं सांगते.

माझी धाकटी तेव्हा नववीत होती. १ ऑगस्ट २०२४ ला आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा कोल्हापुरात काय वातावरण होतं ते तुम्हाला आठवत असेल. आपल्या गावाला नेमबाजी तशी नवी नाही. तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवलं. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पण मुलांना आपल्यासमोर घडलेलंच खरं वाटतं. स्वप्निलचं पदक टीव्हीवर पाहिलं आणि त्याच संध्याकाळी लेक म्हणाली, "मला पिस्तूल शिकायचंय."

आमच्या घरात पाणी गाळून पितात, जिवाणी जपून परत सोडतात, सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही, चातुर्मासात पालेभाजी घरात येत नाही. त्या घरात पिस्तूल! सासूबाई दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वाध्यायाला बसल्या आणि रत्नकरंड श्रावकाचार उघडून मला समोर बसवलं. समंतभद्राचार्यांनी पाच अनर्थदंड सांगितलेत: पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. त्यातल्या दुसऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं. "विष, कुऱ्हाड, तलवार असलं काही दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे हिंसादान. आणि तू तर पोटच्या पोरीच्या हातात देतेस."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या ह्यांनी बाजू मांडली. श्रावकानं सोडायची ती मुख्यतः संकल्पी हिंसा, ठरवून केलेली. आरंभी, उद्योगी आणि विरोधी ही गृहस्थाच्या वाट्याला येतेच, ती कमीत कमी करायची. आणि इथं तर जीवच नाही. समोर कागद. श्रवणबेळगोळला बाहुबलींची मूर्ती उभी करणारा चामुंडराय गंग राजाचा सेनापती होता, हेही त्यांनी आठवण करून दिलं. सासूबाई म्हणाल्या, "चामुंडरायानं शेवटी मूर्ती उभी केली. तुझी पोरगी काय उभं करणार आहे ते बघू." पण परवानगी दिली. अट एकच घातली: पक्षी, प्राणी किंवा माणूस यांच्या आकारावर कधी नेम धरायचा नाही, खेळण्यातल्यासुद्धा नाही. मोबाइलवरचे गोळ्या घालायचे खेळही त्याच दिवशी बंद. लेकीनं अट मान्य केली आणि आजपर्यंत पाळलीय.

आता हे पिस्तूल कसलं ते सांगते, कारण मलाही आधी काही माहीत नव्हतं. १० मीटरसाठी वापरतात ते एअर पिस्तूल. त्यात दारू नसते, आग नसते. नळीखाली एक छोटा सिलिंडर असतो, त्यात हवा दाबून भरलेली. लिव्हर उघडायची, साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा आत ठेवायचा, लिव्हर मिटायची, ट्रिगर ओढायचा. छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. समोरच्या गोलातला दहा गुणांचा ठिपका साडेअकरा मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या शर्टाच्या बटणाएवढा. दहा मीटरवरून, एका हातानं, टेकू न घेता तो साधायचा. मोठ्यांच्या स्पर्धेत सव्वा तासात असे साठ नेम.

एवढ्या कमी ताकदीच्या या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. राहीच्या २५ मीटरच्या प्रकारात वापरतात ते पॉइंट टू-टू चं पिस्तूल वेगळं. ते खरं अग्निशस्त्र. त्याला परवाना लागतो, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार त्याची दुरुस्तीसुद्धा परवाना असलेल्यानंच करायची. म्हणजे तसलं पिस्तूल घरी खोलून बसायचा प्रश्नच येत नाही. एअर पिस्तुलाला ती अडचण नाही. माझं चुकलं ते इथंच. कायद्यानं अडवलं नाही म्हणजे आपल्याला जमतंच, असं मी धरून चालले.

नवं पिस्तूल परवडणारं नव्हतं. लेकीच्या प्रशिक्षकांनी एका मोठ्या खेळाडूचं जुनं पिस्तूल मिळवून दिलं, परदेशी बनावटीचं. त्याची निगा कशी राखायची हे त्यांनी आम्हा मायलेकींना समोर बसवून शिकवलं. तेवढं मी आजही करते आणि त्यात अवघड काही नाही. बाहेरून कोरड्या मऊ फडक्यानं पुसायचं, कारण घामानं लोखंड गंजतं आणि आपल्या पावसाळ्यात तर बघायलाच नको. नळी साफ करायला फेल्टच्या छोट्या गोळ्या मिळतात, त्या छऱ्यासारख्या आत ठेवून रेंजवरच हवेनं बाहेर काढायच्या. लाकडी मुठीला पाणी लावायचं नाही. आणि छऱ्यांना हात लावला की साबणानं हात धुतल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, कारण ते शिसं आहे. ही शेवटची गोष्ट सासूबाईंना फार पटली. "बाहेरून आलं की हात-पाय धुवा म्हणून मी सांगत होते तेव्हा ऐकायची नाही, आता सर सांगतात म्हणून ऐकते," म्हणाल्या.

तिथपर्यंत सगळं ठीक होतं.

श्रावणातली गोष्ट. रविवारी जिल्ह्याची शालेय स्पर्धा होती. स्पर्धेआधी पिस्तुलाची तपासणी होते. पिस्तूल नळी वर करून उभं धरतात, ट्रिगरला पाचशे ग्रॅमचं वजन लावतात आणि उचलतात. वजन उचललं गेलं तर पास. चाप त्याआधीच सुटला तर ट्रिगर प्रमाणापेक्षा हलका आहे, पिस्तूल चालणार नाही. गुरुवारी सरावाच्या वेळी सरांनी तपासलं तर चाप सुटला. सर म्हणाले, "शनिवारी मी बघतो, तोवर हात लावू नका."

हे मला लेकीनं सांगितलं होतं. शब्द न शब्द सांगितला होता.

पण मैत्रिणींनो, मी उद्यमनगरातल्या घरात पडलेली बाई. ह्यांचा लेथचा वर्कशॉप. सासरे हयात असताना ऑइल इंजिनाचे पार्ट करायचे. म्हादबा मेस्त्रींच्या गावात स्क्रू पिळता येत नाही असं म्हणायचीही लाज वाटते. मिक्सरचे ब्रश मी बदलते, शिलाई मशीनचं टेन्शन मी लावते, शेगडीचा बर्नर खोलून मी साफ करते. शेजारच्या बायका कुकरची शिट्टी बिघडली तरी माझ्याकडे आणतात. मनात आलं, एवढ्याशा स्क्रूसाठी शनिवारपर्यंत कशाला थांबायचं? सरांचा वेळ वाचेल, पोरीची काळजी मिटेल. खरं सांगायचं तर आणखीही एक होतं. संध्याकाळी ह्यांना सांगायचं होतं, "तुमच्या वर्कशॉपशिवाय झालं."

शुक्रवारी दुपारी लेक शाळेत, हे कामावर. सासूबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून तांदूळ निवडत होत्या. आमच्याकडे तांदूळ निवडणं म्हणजे एक विधीच असतो. सुपात थोडे थोडे घ्यायचे, चष्मा लावून खिडकीच्या उजेडात बघायचे, पोरकिडा दिसला की कागदाच्या तुकड्यावर अलगद घ्यायचा आणि शेवटी सगळे कागदासकट परड्यात सावलीत नेऊन सोडायचे. घाई केलेली त्यांना चालत नाही. तांदळाचा डबा शेजारी.

मी बाहेरच्या खोलीत टेबलावर जुनं धोतर अंथरलं आणि पिस्तूल घेऊन बसले. मुठीच्या वर, ट्रिगरच्या आसपास तीन-चार बारीक स्क्रू दिसत होते. सासऱ्यांच्या काळच्या तराजूतलं अर्ध्या किलोचं वजन काढलं, दोऱ्यानं ट्रिगरला अडकवलं, उचललं. चाप सुटला. एक स्क्रू थोडा फिरवला. सुटला. दुसरा फिरवला. सुटला. तिसरा फिरवला आणि वजन उचललं गेलं. तीनदा उचलून बघितलं, तीनदा राहिलं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू.

कुठला स्क्रू किती फिरवला, हे मी लिहून ठेवलं नव्हतं. चष्मा देवघरात राहिला होता, तोही आणायला उठले नव्हते.

मग वाटलं, एकदा छर्रा टाकून बघू. खोक्यात जुन्या साड्या कोंबून ते सोफ्यावर ठेवलं, तिकडे मारायचं. लिव्हर उघडली, छर्रा ठेवला. लिव्हर मिटायला दुसरा हात लागतो. त्या हाताबरोबर पिस्तूल फिरलं आणि नळी स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. ते मला दिसलंच नाही, कारण मी लिव्हरकडे बघत होते. लिव्हर मिटली आणि त्याच क्षणी, ट्रिगरला माझं बोट लागलेलंसुद्धा नसताना, पिस्तूल सुटलं.

फट् असा आवाज झाला. त्यामागोमाग स्वयंपाकघरातून टण्ण.

मी धावले. सासूबाई तशाच बसलेल्या. सूप मांडीवरून सरकलं होतं, तांदूळ पसरले होते. डब्याला पोचा, आणि चपटा झालेला छर्रा फरशीवर. डबा आणि त्यांचा गुडघा यात एक वीतभर अंतर. असा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगानं जातो. डोळ्याला लागला असता तर डोळा गेला असता. बसल्या होत्या त्या उंचीला त्यांचा चेहरा डब्याच्या जरासाच वर होता.

मला रडू फुटलं. त्या मात्र आधी वाकून तो कागदाचा तुकडा शोधायला लागल्या. त्यावरचे पोरकिडे फरशीवर सांडले होते. एकेक गोळा करून पुन्हा कागदावर घेतले. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एवढ्याशा जिवांसाठी मी चष्मा लावून बसलेय. तू चष्मासुद्धा लावला नाहीस?"

एवढंच. वर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी ह्यांना आणि लेकीला सांगितलं. लेक आधी आजीकडे गेली, तिचे दोन्ही हात, चेहरा, गुडघे तपासले. मग माझ्याकडे वळली. "आई, नळी कुठं होती? रेंजवर मी असं केलं असतं तर मला त्याच मिनिटाला बाहेर काढलं असतं." तेरा-चौदा वर्षांची पोर मला नियम सांगत होती. नळी कायम टार्गेटकडे. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. काम नसेल तेव्हा नळीतून भडक रंगाची दोरी ओवून ठेवायची, म्हणजे आत छर्रा नाही हे लांबूनही दिसतं. खाली ठेवताना लिव्हर उघडी. हे सगळं ती रोज न चुकता करत होती आणि मी रोज बाकावर बसून बघत होते. बघितलं म्हणजे आलं, असं नसतं.

ह्यांनी पिस्तूल हातात घेतलं, पण उघडलं नाही. चाळीस वर्षं लोखंडात काम केलेला माणूस म्हणाला, "हे माझं काम नाही." मग दाराच्या कडीचं उदाहरण देऊन मला समजावलं. ट्रिगरच्या आत दोन तुकडे एकमेकांच्या खाचेत अडकलेले असतात. कडी पुरती बसलेली असेल तर दार ढकलल्याशिवाय उघडत नाही. ती नुसती टोकावर टेकली असेल तर वाऱ्याच्या झुळकीनं उघडतं. मी स्प्रिंगचा जोर वाढवला म्हणून वजन उचललं गेलं. पण आधी फिरवलेल्या स्क्रूनं खाच उथळ केली, कडी टोकावर आणली. लिव्हर मिटायचा एवढासा धक्का तिला पुरला. वजनाच्या परीक्षेत पिस्तूल पास झालं आणि तरी ते आधीपेक्षा धोक्याचं होतं.

टेबलावर शिलाई मशीनच्या तेलाची बाटली होती, ती बघून मात्र ह्यांचा चेहरा उतरला. "हे कुठं लावलंस?" मी म्हणाले, अजून नाही, सिलिंडर जिथं बसतो तिथल्या रबरी कडीला दोन थेंब लावणार होते, कोरडी वाटली म्हणून. ते खालीच बसले. आपल्या कुकरमध्ये बाहेरच्यापेक्षा साधारण एका बारचा दाब जास्त असतो, आणि त्याला आपण किती जपतो! या सिलिंडरमध्ये दोनशे बार असतात. "बाबा ऑइल इंजिन करायचे, त्यात स्पार्क प्लग असतो का? नुसती हवा जोरानं दाबली की ती तापते आणि त्या उष्णतेनं डिझेल पेटतं. तू त्या दाबात तेल सोडणार होतीस." अशा जागी साधं तेल कधी लावत नाहीत, त्यासाठी वेगळं सिलिकॉनचं ग्रीस असतं, आणि तेही माहीतगारानं लावायचं. आपल्या गॅसच्या सिलिंडरवर ए-२६, बी-२७ अशी तपासणीची मुदत रंगवलेली असते ना, तशी या छोट्या सिलिंडरवरही तारीख कोरलेली असते. साधारण दहा वर्षांनी तो बदलायचाच. आमच्या जुन्या पिस्तुलाच्या सिलिंडरची मुदत संपायला पाच महिने उरले होते. आम्ही कुणी बघितलंच नव्हतं.

सरांना त्याच रात्री फोन केला. ते दोन मिनिटं गप्प राहिले. मग म्हणाले, "पिस्तूल बॅगेत ठेवा आणि तसंच आणून द्या." त्यांनी ते पुण्याला, हेच काम करणाऱ्या माणसाकडे पाठवलं. रविवारी लेक दुसऱ्याच पिस्तुलानं खेळली. मूठ तिच्या हाताच्या मापाची नव्हती. नेमबाजाची मूठ म्हणजे आपल्या चपलेसारखी असते, दुसऱ्याची घालून चालता येतं, पण धावता येत नाही. थोड्या गुणांनी ती पुढच्या फेरीतून राहिली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली मनू भाकरचं पिस्तूल ऐन स्पर्धेत बिघडलं होतं, दुरुस्तीत मिनिटं गेली, ५७५ गुणांवर ती बारावी आली आणि दोन गुणांनी अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला तिनं दोन पदकं मिळवली. परतीच्या वाटेवर मी लेकीला हे सांगायला लागले. ती म्हणाली, "आई, तिचं आपोआप बिघडलं होतं." नंतर घर येईपर्यंत आम्ही दोघी बोललो नाही.

नातेवाइकांत एक-दोघींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "काही झालं नाही ना? मग सोड." मलाही तेच म्हणायचं होतं. देव पावला, वाचलो, विसरून जाऊ.

पण आपला धर्म ही पळवाट ठेवत नाही. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हिंसेची व्याख्या केली ती प्रमादापासून सुरू होते. बेसावध मनानं, बेसावध हातानं जिवाला जी इजा होते ती हिंसा. आणि कुंदकुंदाचार्य प्रवचनसारात त्याच्याही पुढे जातात. जीव मरो वा जगो, जो जपून वागत नाही त्याला हिंसा लागलीच. उलट बघून, जपून पाऊल टाकणाऱ्याच्या पायाखाली नकळत जीव आला तरी केवळ त्यानं त्याला बंध नाही. पाठशाळेत हे मी पाठ केलं होतं, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. त्या शुक्रवारी पहिल्यांदा कळलं. सासूबाईंना काही लागलं नाही हा त्यांच्या आयुष्याचा भाग. माझ्या खात्यावर ती दुपार जशीच्या तशी जमा आहे.

वर्षभर आमच्या घरात वाद चालला होता तो दुसऱ्या अनर्थदंडाचा, हिंसादानाचा. पिस्तूल घरात असावं की नसावं. मी हिरिरीनं बाजू मांडत होते की यात हिंसा नाही. आणि त्याच यादीतला पाचवा, प्रमादचर्या, मी टेबलावर धोतर अंथरून, मनापासून, सगळ्यांच्या भल्यासाठी म्हणून करून मोकळी झाले. वस्तू कुठली यावर आमचं सगळं लक्ष होतं. ती हातात घेणारी बाई कशी आहे हे कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा.

मुनींच्या पाच समितींमध्ये चौथी आदाननिक्षेपण समिती. वस्तू उचलताना आणि ठेवताना आधी बघायचं, पिंछीनं जागा झाडायची, मग ठेवायची. कमंडलू असो की शास्त्र. आहाराला महाराज आले की आपण सगळ्या हे डोळ्यांनी बघतो. रेंजवर माझी लेक पिस्तूल उचलते आणि ठेवते ते आता मी नीट बघते. आधी समोर बघते, मग नळी, मग दोरी, मग हात. तिला कुणी समिती शिकवली नाही. पण त्या वेळी तिथं जितकी सावधता असते तितकी माझ्या स्वयंपाकघरात विळीवर बसतानासुद्धा नसते, हे कबूल करते.

आता आमच्या घरी काय ठरलंय तेही सांगते, कारण आपल्यातल्या बऱ्याच मुली हल्ली नेमबाजीकडे वळताहेत आणि आया माझ्यासारख्याच हौशी असतात. पिस्तूल घरी बॅगेत कुलपात राहतं, छर्रे वेगळ्या कपाटात. घरात छर्रा टाकायचा नाही, "एकदाच बघू" म्हणूनसुद्धा नाही. बाहेरून पुसायचं काम माझं, तेही लेक समोर असताना, दोरी नळीत असताना, नळी भिंतीकडे करून आणि चष्मा लावून. ज्या कामाला स्क्रू ड्रायव्हर लागतो ते काम आमचं नाही. सिलिंडरवरची तारीख देवघरातल्या कॅलेंडरवर लिहिलेली आहे. आणि वर्षातून एकदा पिस्तूल पुण्याला जातं. त्याला पैसे लागतात. ते मी माझ्या शिवणाच्या पैशातून देते, कुणी सांगितलं नसताना.

पुण्याहून पिस्तूल आलं तेव्हा सोबत चिठ्ठी होती. सील बदलले, ट्रिगर लावून दिला, खाली एक ओळ: "स्क्रू कुणीतरी फिरवले आहेत, कृपया फिरवू नयेत." लेकीनं ती चिठ्ठी बॅगेच्या झाकणाला आतून चिकटवलीय. कुलूप उघडलं की आधी तीच दिसते.

त्या वर्षीचं दशलक्षण झालं. क्षमावाणीच्या दिवशी मंदिरातून आल्यावर मी सासूबाईंच्या पाया पडले आणि म्हणाले, "आई, त्या दुपारची क्षमा." इतर वर्षी आपण पन्नास जणींना उत्तम क्षमा म्हणतो आणि कशाची ते आठवावं लागतं. या वेळी आठवावं लागलं नाही. त्या म्हणाल्या, "मी तेव्हाच केली होती. तू पोरीची मागितलीस का?" मी आत गेले. लेक अभ्यास करत होती. तिच्यासमोर हात जोडले तर ती घाबरून उठली, "आई, काय हे!" मग जरा वेळानं म्हणाली, "रविवारचं मला अजून वाईट वाटतं. पण क्षमा." दोन्ही गोष्टी तिनं खऱ्या सांगितल्या. मला ते बरं वाटलं.

हे परवा म्हणत होते, डबा उद्यमनगरात देऊ, दहा मिनिटांत पोचा काढून देतील. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "राहू दे. तांदूळ मावतात."

तर आता तुम्ही आमच्याकडे आलात आणि डब्याचं विचारलंत, तर मी खरं सांगेन. जरा वेळ काढून या.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.